ओवीचं आउटकम

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे काशीला येतात. गंगास्नान होतं, कचोरी-जिलेबी होते, मग आमच्या घरी टेकतात आणि हमखास विचारतात, "इथल्या विद्यापीठात मराठी विभाग आहे? खरंच? आणि तिथे नेमकं होतं काय?"

शिकणं-शिकवणं किती होतं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. किस्से मात्र भरपूर होतात! आणि किस्स्यांचं असं आहे की एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा "माझं काय?" म्हणून उभा राहतो. माझ्या नवऱ्याने आता घरात नियमच केलाय, "आधी जेवून घेऊ, मग तुझं डिपार्टमेंट."

आधी माणसं सांगते, फार नाहीत. विभागप्रमुख डॉ. मुळे, मूळचे अकोल्याचे. माणूस सज्जन, पण वरून कागद आला की त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. डॉ. अनघा गोरे वयाने लहान, उत्साह दांडगा. विभागात जे जे नवं, ते तिच्याकडे. आणि मी, दीक्षितबाई. माहेर इथल्याच दूधविनायकच्या गल्लीतलं, सासर त्याच गल्लीत पुढच्या वळणावर, त्यामुळे माझ्या मराठीत अधूनमधून 'मतलब' आणि 'वैसे' येणारच. विभागात जे जे जुनं, ते माझ्याकडे. संतांची कविता, पंडितांची, शाहिरांची. सगळं मिळून एक पेपर, 'प्राचीन काव्य'.

खाली जी सांगणार आहे ती त्या पेपरच्या आजारपणाची हकिगत म्हणा ना!

*

नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मुळे सर ओळखीचा कार्यक्रम ठेवतात. प्रत्येकाला एकच प्रश्न, "मराठी का घेतलंत?"

कोणी म्हणालं, आजी मराठी होती. कोणी म्हणालं, पप्पा रेल्वेत आहेत, बदली नागपूरला होईल. शेवटी एक उंच, काळासावळा मुलगा उठला. रामाशीष, इकडच्याच बलिया जिल्ह्यातला. मराठीचा आणि त्याच्या घराण्याचा कधी कुठे संबंध आलेला नाही.

"बोलो बेटा, मराठी क्यों?"

"सर, फॉर्म भरने की सबसे छोटी लाइन इसी की थी."

वर्ग हसून लोळला. मुळे सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि वार्षिक अहवालासाठी टिपून घेतलं, 'अमराठी विद्यार्थ्यांचा मराठीकडे सहज ओढा.'

*

मग नवा अभ्यासक्रम आला, म्हणजे वरून एक तक्ता आला. प्रत्येक कवितेसमोर एक रिकामा रकाना, 'लर्निंग आउटकम'. ही कविता शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल?

मी म्हटलं, "सर, कविता शिकल्यावर कविता कळेल."

"कळेल चालत नाही बाई. करता येईल असं हवं. मोजता येईल असं."

"बरं. ओव्या आहेत या, बायका जात्यावर म्हणायच्या. 'विद्यार्थ्याला दळता येईल' असं लिहू?"

मी टोमणा मारला होता. मुळे सर गंभीर झाले. "स्किल आहे खरं! पण आपल्याकडे जातं कुठंय? इन्फ्रास्ट्रक्चर विचारतील."

पुढे विरहाची कविता होती. मी वैतागून लिहून टाकलं, 'विद्यार्थी विरह सहन करू शकेल.' म्हटलं, आता तरी कोणीतरी रागावून तक्ता परत पाठवेल आणि दोन शब्द बोलता येतील.

तक्ता मंजूर होऊन आला! विरहासमोर फक्त एक शंका होती, पेन्सिलने लिहिलेली.

'प्रात्यक्षिक किती मार्कांचे?'

*

श्रेयस गद्रे आमच्याच गल्लीतला. गल्लीत मी त्याची काकू, वर्गात मॅडम, आणि मार्क कमी पडले की परत काकू.

त्याला निबंध दिला होता, 'जुन्या काव्यातील निसर्ग'. त्याने आणला तो इतका गुळगुळीत, की हात ठेवला तर घसरेल! एकही चूक नाही. श्रेयसच्या मराठीत एकही चूक नाही म्हटल्यावर मला शंका आली. वाचत शेवटाला आले. शेवटचं वाक्य होतं, 'हवे असल्यास हेच उत्तर मी आणखी सोपे करून देऊ शकतो.'

मी लाल पेनने खाली लिहिलं, 'हवे आहे.'

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने सोपं करून आणलं! त्याच्या खाली, 'आपणास आवडल्यास याची एक छोटी कविताही करून देता येईल.'

"श्रेयस, मोबाइलने लिहून दिलेलं हे तू एकदा तरी वाचलंस का रे?"

तो खरोखरच दुखावला. "काकू, मी का वाचू? तपासायचं काम तर तुमचं आहे ना!"

*

अनघाने 'रील-लेखन' नावाचा कोर्स सुरू केला. त्याला बसायला जागा नाही अशी गर्दी. मला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "मॅडम, तुमचं एखादं आख्यानकाव्य द्या. त्याचंच रील करायला सांगते. जुनं पण जिवंत राहील."

मी दिलं. राजकन्येच्या स्वयंवराची मोठी लांबलचक कथा. नगराचं वर्णन, वसंताचं वर्णन, राजकन्येच्या मनाची घालमेल, सखीबरोबरचा संवाद. माझ्या वडिलांना ते तोंडपाठ होतं. सखीचा संवाद म्हणताना ते आवाज बारीक करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे झालं!"

मुलांनी रील केलं. एक मुलगा फेटा बांधून आला. एक मुलगी त्याच्याबरोबर पळाली. मग तोच मुलगा कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "तुम्ही असता तर काय केलं असतं? कॉमेंटमध्ये सांगा!"

संपलं.

अनघाने टाळ्या वाजवल्या. मग तिने माझ्या हातातलं जाडजूड मूळ काव्य बघितलं, उलटसुलट केलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "एवढंच सांगायचं होतं, तर मग इतकं का लिहिलं असेल हो?"

*

त्यानंतर संघटनांची शिष्टमंडळं आली. एका सकाळी दोन.

भानगड एका कवितेवरून होती. कविता अशी, की एक भक्त देवाशी कचाकचा भांडतो. त्याला निर्दय म्हणतो, आता तुझं तोंड बघणार नाही म्हणतो, गाठोडं बांधतो, आणि शेवटी दारातच बसून राहतो. मला ती शिकवताना दरवेळी नाक पुसावं लागतं. मुलांना वाटतं मॅडमना सर्दी आहे.

पहिलं शिष्टमंडळ सरांच्या खोलीत आलं. त्यांचं म्हणणं, ही कविता मागासलेली आहे, आजच्या काळात विद्यापीठात देवाधर्माचं काय काम? काढून टाका! ते बोलत असतानाच दुसरं शिष्टमंडळ घुसलं. त्यांचं म्हणणं, ही कविता देवाचा अपमान करते, काशीसारख्या ठिकाणी हे सहन होणार नाही. काढून टाका!

मुळे सरांच्या कपाळावर घाम. आधी इकडे बघितलं, मग तिकडे. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंची मागणी एक होती!

"काढली!" सर म्हणाले.

दोन्ही शिष्टमंडळांनी टाळ्या वाजवल्या. मी सरांना म्हटलं, "निदान एकदा वाचून तरी दाखवू द्या त्यांना."

"नको बाई. वाचली तर आवडेल एखाद्याला, आणि मग खरंच भांडणं लागतील."

मी बाहेर पडले. व्हरांड्यात दोन्हीकडचे पुढारी एकाच कुल्हडवाल्याकडे मातीच्या पेल्यातून चहा पीत उभे होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, "वैसे कविता थी किस चीज़ पर?"

दुसरा म्हणाला, "अरे, हम तो सोच रहे थे तुमसे पूछेंगे!"

*

मुळे सरांच्या हाताखाली सौरभ नावाचा मुलगा पीएच.डी. करत होता. विषय, 'प्राचीन भक्तिकाव्यातील नेटवर्किंग कौशल्ये'. प्रबंध उशीसारखा जाड. तोंडी परीक्षेला महाराष्ट्रातून एक वयस्कर परीक्षक आले. प्रवासाने दमलेले, पण डोळे तरतरीत.

त्यांनी प्रबंध मिटला आणि शांतपणे विचारलं, "मूळ काव्य वाचलंत का?"

सौरभ गडबडला नाही. "सर, संशोधकाने आपल्या विषयापासून अंतर राखावं, असं आम्हाला संशोधनपद्धतीत शिकवलंय."

"बरोबर आहे. तुम्ही किती राखलंत?"

"संपूर्ण, सर."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मुळे सर घाईघाईने म्हणाले, "मुलाचा प्रामाणिकपणा बघा, सर!"

सौरभ आता डॉक्टर सौरभ आहे. एका कॉलेजात शिकवतो. संशोधनपद्धती!

*

असं करता करता 'प्राचीन काव्य' आधी सक्तीचं होतं ते ऐच्छिक झालं, ऐच्छिकचं अर्धं झालं, आणि एके दिवशी सरांनी मला खोलीत बोलावून चहा मागवला. सरांनी चहा मागवला की समजावं.

"पेपर बंद नाही करत आहोत बाई. त्याला विश्रांती देतोय."

"आणि त्याच्या जागी?"

"कंटेंट लेखन." सर माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्या दिवशी मी रिक्षा केली नाही. घाटाघाटाने चालत निघाले आणि राजा घाटावर बसले. आमच्याच कुणा मराठी सरदाराने बांधलेला हा घाट, आता तिथे मराठी ऐकू येते ती आमच्यासारख्या दोनचार घरांची, नाहीतर यात्रेकरूंची. रडूबिडू आलं नाही. एवढंच वाटलं, की वडील गेले, मी रिटायर होईन, मग सखीचा तो संवाद या गावात बारीक आवाजात कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी अनघा आली. चेहरा पडलेला. "मॅडम, मला फार वाईट वाटतंय. आपण पेपरला फेअरवेल देऊ या का?"

मला वाटलं थट्टा करते आहे. नव्हती करत! फेअरवेल झाला. फुगे लावले, समोसे आले, ठंडई आली. मुळे सरांनी भाषण केलं, "हा पेपर सदैव आपल्या स्मरणात राहील." ज्या पेपरला बाकावर मुलं शोधावी लागायची, त्याच्या निरोपाला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

एका मुलीने भारावून मला विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी कुठला पेपर बंद होणार आहे?"

*

पेपर गेला, पाठोपाठ पुस्तकं निघाली.

लायब्ररीत 'रीडिंग लाउंज' करायचं ठरलं होतं. बसायला रंगीत, मऊ, ढेपाळलेल्या गाद्या येणार होत्या. गाद्यांना जागा हवी, म्हणून पुस्तकं काढायची! नियम असा केला, की जे पुस्तक कित्येक वर्षांत कोणी नेलं नाही ते रद्दीत. माझी सगळी जुनी मंडळी, संत-पंडित-शाहीर, त्यातच. मी माझ्या कार्डावर बसतील तेवढी घेतली. अनघाला सांगितलं, तिनेही निमूट घेतली. तरी ढीग उरलाच.

मग मी मुलांपुढे पदर पसरला. "बाबांनो, वाचू नका. कोणी वाचायला सांगत नाहीये. फक्त कार्डावर शिक्का मारून घ्या, चार दिवस खोलीत ठेवा आणि परत करा. एवढ्याने पुस्तक वाचतं."

"सच में पढ़ना नहीं है?" रामाशीषने खात्री करून घेतली.

"अजिबात नाही."

श्रेयसने, रामाशीषने, त्यांच्या मित्रांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली. हळूहळू सगळी परत आली. रामाशीषचं एक येईना. लायब्ररीतून फोन आला. मी त्याला गाठलं तर तो माझ्यावरच उखडला.

"मॅडम, हे काय आहे? हा माणूस भगवानाला एवढं बोलतो, सामान बांधतो, और फिर जाता ही नहीं! दरवाज्यातच बसतो! का नाही जात?"

मी म्हटलं, "ते परीक्षेला नाहीये रे आता."

"परीक्षा गई भाड़ में! का नाही जात, ते सांगा!"

आम्ही व्हरांड्यात उभे होतो. मी सांगायला लागले. श्रेयस वाटेत थांबला. मग आणखी कोणीतरी.

*

तिथून ते सुरू झालं. संध्याकाळी ऊन उतरलं की राजा घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसायचो. हजेरी नाही, मार्क नाहीत, कोणी केव्हाही उठावं. आधी मूठभर मुलं, मग जरा जास्त. एकदा अनघा रील करायला म्हणून आली. फोन वर धरून उभी राहिली, मग फोन खाली केला, मग बसली. पुढे ती फोन न घेताच यायची. रामाशीषला अडखळत का होईना, वाचायचा नाद लागला. त्याच्या तोंडी मराठी ओवीला भोजपुरी हेल यायचा आणि ती आणखीच गोड लागायची. मी विभागात यातलं काही बोलले नाही. म्हटलं, सरांचं ब्लडप्रेशर.

मग मूल्यांकन समिती आली. विद्यापीठाला दर्जा देणारी ही समिती म्हणजे मुळे सरांच्या दृष्टीने साक्षात यम! महिनाभर रंगरंगोटी. समितीचे अध्यक्ष दक्षिणेकडचे एक वृद्ध प्राध्यापक, हिंदी तोलूनमापून बोलणारे. सरांनी त्यांना रील-लेखनाची खोली दाखवली, मऊ गाद्या दाखवल्या, आउटकमचे तक्ते दाखवले. अध्यक्षांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "हे आम्ही प्रत्येक ठिकाणी पाहतो. तुमच्याकडे असं काय आहे, जे दुसरीकडे नाही?"

मुळे सरांना घाम फुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

अनघा बोलून गेली, "सर, आमची मुलं संध्याकाळी घाटावर बसून जुनं काव्य वाचतात!"

सर तिच्याकडे असे बघायला लागले, की जणू तिने मुलं चोऱ्या करतात म्हणून सांगितलं! पण अध्यक्ष उठले होते. "चला."

समितीच्या गाड्या गल्लीत येईनात. सगळे पायीच, गाईगुरांतून वाट काढत, राजा घाटावर आले. मुलांना काही पत्ता नव्हता. रामाशीष वाचत होता, देवाशी भांडणाऱ्या त्या भक्ताचीच कविता. श्रेयस मधेच "थांब, हे परत वाच" म्हणत होता. कोणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं. अध्यक्ष बूट काढून खालच्या पायरीवर बसले. त्यांना मराठी येत नव्हती, तरी डोळे मिटून ऐकत राहिले.

मी सहज मागे बघितलं. मुळे सरांचे ओठ हलत होते. रामाशीष अडला, तर पुढचा शब्द सरांच्या तोंडून आला. मग त्याच्या पुढची ओळही आली. त्यांना सबंध पाठ होती! इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. शेवटी सरांनी रुमाल काढला.

कविता संपल्यावर अध्यक्षांनी मुलांना हिंदीत विचारलं, "हे कुठल्या पेपरला आहे?"

"कुठल्याच नाही," श्रेयस म्हणाला.

अध्यक्ष मुळे सरांकडे वळले. हात हातात घेऊन म्हणाले, "हे अद्भुत आहे. याला जपा."

सर भारावून गेले होते. वरच्या पायरीवर चढून, डोळे पुसत, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या वर्षापासून हा पेपर परत सुरू! सगळ्यांना कंपल्सरी! हजेरी, असाइनमेंट, इंटर्नल, सगळं!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. रामाशीषने पुस्तक मिटलं, उभा राहिला आणि सरांपुढे हात जोडले.

"सर, आमच्याकडून काही गलती झाली का?"